वाट अडवली तरी वाहणारं रक्त

पूर्ण दिवस भरलेल्या गरोदर बाईच्या गर्भाशयात दर मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त येऊन जातं. गरोदर नसताना हाच प्रवाह मिनिटाला जेमतेम ५०-६० मिलिलिटर असतो. नऊ महिन्यांत तो दहापटीने वाढतो आणि त्यासाठी एकही नवी मोठी धमनी तयार होत नाही. असलेल्याच धमन्या रुंदावतात, लांबतात, बाळाला पोसण्यासाठी सज्ज होतात. पण बाळ जन्मल्यावर हा प्रवाह वेळेत आवरला नाही, तर आईच्या अंगातलं सगळं रक्त संपायला दहा-बारा मिनिटं पुरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बायकांना बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होतो आणि सुमारे ७० हजार जणी त्यात दगावतात. डॉक्टर याला ‘पीपीएच’ म्हणतात. या मृत्यूंपैकी बहुतेक टाळता येण्याजोगे असतात. ते कसे टाळायचे हे समजून घ्यायचं तर ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांची रचना आधी पाहायला हवी. कारण हे रक्त थांबवणं अवघड का जातं आणि तरीही ते थांबवता का येतं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या रचनेतच आहे.

हृदयातून निघालेली महाधमनी पाठीच्या कण्याला लागून खाली येते आणि बेंबीच्या किंचित खाली, कमरेच्या चौथ्या मणक्यासमोर दुभंगते. उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा या दोन इलियाक धमन्या. चार-पाच सेंटिमीटर पुढे गेल्यावर त्यांनाही प्रत्येकी दोन फाटे फुटतात. बाहेरची इलियाक सरळ जांघेकडे जाते आणि पायाला रक्त पुरवते. जांघेच्या घडीत मधोमध बोटं दाबली की जी नाडी लागते, ती याच धमनीची पुढची वाट. आतली इलियाक मात्र खाली वळून हाडांच्या पोकळीत शिरते. तिची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर. पण गर्भाशय, योनीमार्ग, मूत्राशय, गुदाशयाचा खालचा भाग, पुरुषांमधली प्रोस्टेट ग्रंथी, जननेंद्रियं आणि कुल्ल्यांचे जाड स्नायू, असा मोठा पसारा याच चार सेंटिमीटरच्या भरवशावर असतो.

आतल्या इलियाकचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग होतात. मागचा भाग कंबर, माकडहाडाच्या वरचं हाड आणि कुल्ले सांभाळतो. पुढच्या भागातून गर्भाशयाची धमनी, मूत्राशयाच्या धमन्या आणि जननेंद्रियांकडे जाणारी प्युडेंडल धमनी निघते. पुस्तकातल्या चित्रात हे सगळं नीटनेटकं दिसतं. प्रत्यक्षात माणसागणिक फाट्यांचा क्रम बदलतो. जपानी शरीररचनातज्ज्ञ बुन्तारो आदाची यांनी १९२८ मध्ये त्यांचे प्रकार पाडले आणि आजही शल्यचिकित्सक आणि रेडिओलॉजिस्ट त्याच वर्गीकरणाचा आधार घेतात. एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या बाजूची रचनाही सारखी असेलच असं नाही.

याच जागेतून माणसाच्या आयुष्याची सुरुवात झालेली असते. गर्भातल्या बाळाच्या आतल्या इलियाकमधून दोन नाभी-धमन्या निघतात, नाळेतून बाहेर पडतात आणि बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे नेतात. जन्मानंतर नाळ कापली की त्या आकसतात. त्यांचा सुरुवातीचा तुकडा मूत्राशयाला रक्त पुरवत राहतो आणि पुढचा भाग दोरीसारखा होऊन पोटाच्या आतल्या भिंतीला जन्मभर चिकटून राहतो. पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर आजही त्या दोरीवरून दिशा ओळखतात.

आता मूळ प्रश्नाकडे. बाळ बाहेर आलं, वार सुटली. वार जिथे चिकटलेली होती तिथे सुमारे शंभर सर्पिलाकार धमन्यांची तोंडं उघडी पडतात. गरोदरपणात या धमन्यांच्या भिंतींमधला स्नायू जवळजवळ नाहीसा झालेला असतो. बाळाला अखंड रक्त मिळावं म्हणून निसर्गाने त्या सैल, रुंद करून ठेवलेल्या असतात. त्यामुळे त्यांना स्वतःहून आकसून बंद होता येत नाही. त्यांना बंद करतो तो गर्भाशयाचा स्नायू. त्याचे तंतू या धमन्यांभोवती आडवेतिडवे विणलेले असतात. गर्भाशय आकसलं की प्रत्येक धमनी त्या विणीत आवळली जाते. रक्त गोठण्याची क्रिया त्यानंतर आपलं काम करते, पण पहिला बंध स्नायूचाच.

म्हणून अनुभवी नर्सताईंचा हात बाळंतिणीच्या बेंबीपाशी असतो. आकसलेलं गर्भाशय तिथे घट्ट गोळा होऊन हाताला लागतं. ते मऊ, ढिलं लागलं की धोक्याची पहिली खूण मिळते. पीपीएचच्या बहुसंख्य घटनांचं कारण हेच ढिलं पडलेलं गर्भाशय असतं. पोटावरून गर्भाशय चोळणं आणि ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हे पहिले उपाय, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. तरीही रक्त थांबलं नाही तर गर्भाशयात फुगा भरून आतून दाब देतात. महागडे तयार फुगे परवडत नसलेल्या देशांसाठी ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी निरोध, रबरी नळी आणि सलाइन यांतून असा फुगा तयार केला आणि २००३ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. भारतातल्या अनेक रुग्णालयांत आज ही पद्धत वापरली जाते.

हेही पुरलं नाही, तर पोट उघडून आतली इलियाक दोन्ही बाजूंनी बांधायचा पर्याय असतो.

ही धमनी बांधण्याची कल्पना जुनी आहे. १८१२ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉय बेटावर विल्यम स्टीव्हन्स या डॉक्टराने एका गुलाम आफ्रिकी बाईची आतली इलियाक बांधली. तिच्या कुल्ल्यातल्या धमनीला मोठा फुगवटा आला होता. तेव्हा ना भूल देण्याची सोय होती, ना जंतुनाशकांची. ती बाई त्यानंतर अनेक वर्षं जगली. १८९० च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली यांनी गर्भाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतला रक्तस्राव थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या धमन्या बांधल्या. शस्त्रक्रिया रूढ झाली, पण एक कोडं उरलं. इतक्या अवयवांना रक्त पुरवणारी धमनी दोन्हीकडून बांधली, तर ते अवयव मरत का नाहीत?

उत्तर १९६० च्या दशकात मिळालं. अमेरिकेत डॉ. क्ले बर्चेल यांनी धमनी बांधण्याआधीचे आणि नंतरचे दाब प्रत्यक्ष मोजले. दोन्ही बाजू बांधल्यावर नाडीचा दाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या रक्तदाबातला फरक, सुमारे ८५ टक्क्यांनी घटला. प्रवाह मात्र जवळपास निम्म्यावर येऊन टिकला. रक्त थांबलेलं नव्हतंच. कमरेच्या धमन्यांतून, माकडहाडाकडच्या मधल्या धमनीतून, गुदाशयाच्या वरच्या धमनीतून ते उलट्या दिशेने याच जाळ्यात शिरत होतं. मुख्य पाट अडवल्यावर शेजारच्या वावरातून झिरपत पाणी पिकापर्यंत पोचावं, तसं. फरक इतकाच की ते आता ठोके देत उसळत नव्हतं. शांत, मंद वाहणाऱ्या रक्ताची गुठळी जागेवर टिकते, ठोक्यांनी उडून जात नाही. रक्तस्राव त्यामुळे आटोक्यात येतो आणि अवयवही जगतात. अशी शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना पुढे दिवस गेले आहेत आणि सुखरूप बाळंतपणंही झाली आहेत. विशीतल्या बाईचा जीव वाचवताना तिचं गर्भाशय काढावं लागू नये, यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. यश दर वेळी येत नाही. ते जाळं रक्त पुरवतच राहतं आणि काही जणींचं गर्भाशय शेवटी काढावंच लागतं. पण वेळेवर आणि जाणत्या हाताने केली तर ही शस्त्रक्रिया कित्येकींचं गर्भाशय वाचवते.

जाणता हात म्हणजे काय, ते टेबलापाशी कळतं. पोटाच्या आतलं पातळ आवरण उघडून शल्यचिकित्सक इलियाकचा फाटा शोधतो, आणि सगळ्यात आधी शोधतो ती मूत्रवाहिनी. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी ही नळी नेमकी या फाट्यावरूनच पोकळीत उतरते. ती शिरेसारखीच दिसते, म्हणून तिला चिमट्याने हलकेच स्पर्श करायचा. मूत्रवाहिनी असेल तर तिच्यातून लाट सरकते; शीर तशी हलत नाही. ती बाजूला घेतली की फाट्यापासून काही सेंटिमीटर खाली, मागचा भाग निघून गेल्यानंतरच्या जागी, काटकोनात वळलेला चिमटा धमनीखालून न्यायचा. तो बाहेरून आतल्या बाजूला न्यायचा, कारण बाहेरच्या अंगाला पातळ भिंतीची मोठी शीर असते आणि टोक तिच्यात घुसलं तर मूळ रक्तस्रावापेक्षा मोठा प्रसंग उभा राहतो. दोरा ओवला, पण गाठ अजून मारायची नाही. धमनी दाबून धरून भूलतज्ज्ञाला किंवा सहायकाला त्याच बाजूच्या पायाची नाडी तपासायला सांगायचं. नाडी लागत असेल तर हातातली धमनी आतलीच आहे. ती गेली असेल, तर चुकून पायाची धमनी धरली आहे. नाडी लागल्याची खात्री झाली की मगच गाठ. धमनी कापायची नाही, नुसती बांधायची.

मूत्रवाहिनीची खरी परीक्षा त्याच्याही पुढे असते. गर्भाशयाच्या तोंडापासून साधारण दोन सेंटिमीटरवर गर्भाशयाची धमनी तिच्यावरून आडवी जाते. ‘पुलाखालून पाणी’ ही खूणगाठ जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतात. पूल म्हणजे धमनी, पाणी म्हणजे लघवी. गर्भाशय काढताना धमनीला टाका घालायचा आणि तिच्याखालची मूत्रवाहिनी त्यात अडकू द्यायची नाही, हे दोन सेंटिमीटरच्या अंतरात साधावं लागतं. ती अडकली तर त्या बाजूच्या मूत्रपिंडावर ताण येतो.

हल्ली पोट न उघडताही रक्त थांबवता येतं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि बारीक कण सोडून तेवढीच शाखा बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. पॅरिसच्या जाक राविना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याच मार्गाने गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींवर उपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. गाठींचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या आक्रसतात. गर्भाशयाला मात्र बीजकोशाच्या धमनीसारख्या इतर वाटांनी रक्त मिळत राहतं. बीजकोशाची धमनी तर इलियाकची शाखाच नाही. ती थेट महाधमनीतून, मूत्रपिंडांच्या खालून निघते.

रस्ते अपघातांमध्ये ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचं भीषण रूप दिसतं. दुचाकीवरून फेकल्या गेलेल्या माणसाची ओटीपोटाची हाडं दुभंगली, तर बाहेर एक थेंबही न दिसता कित्येक लिटर रक्त आत साचू शकतं. यातलं बहुतेक रक्त धमन्यांचं नसतं. माकडहाडासमोर आणि मूत्राशयाभोवती पातळ शिरांचं जे दाट जाळं असतं, ते आणि मोडलेल्या हाडांचे पृष्ठभाग वाहत राहतात. शेकडो बारीक शिरा एकेक करून बांधता येत नाहीत. म्हणून उपाय असा की पोकळीच लहान करायची. रुंद पट्टा किंवा घडी घातलेली चादर आवळून बांधली की हाडं जवळ येतात आणि दाबाने शिरा मिटतात. हा पट्टा बहुतेक जण चुकून कमरेवर बांधतात. त्याची जागा खाली आहे. पँटच्या बाजूच्या खिशापाशी मांडीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्या पातळीवर तो हवा. आणि अशा जखमीचं ओटीपोट हलवून, दाबून पाहायचं नाही. नुकत्याच बसलेल्या गुठळ्या त्याने सुटतात.

शिरांच्या काही तक्रारी अशा झटक्यात येत नाहीत, वर्षानुवर्षं चालतात. पायाच्या शिरांमधल्या रक्ताच्या गुठळ्या डाव्या पायात जास्त होतात हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५१ मध्येच नोंदवलं होतं. कारण नंतर उलगडलं. डाव्या पायाची मोठी शीर हृदयाकडे जाताना उजव्या इलियाक धमनीखालून जाते. पुढून धमनीचे ठोके, मागून मणक्याचं हाड, आणि मध्ये दबलेली शीर. ऑस्ट्रियाच्या मे आणि थर्नर या डॉक्टरांनी १९५७ मध्ये ४३० मृतदेह तपासले, तेव्हा २२ टक्के देहांत या जागी शिरेच्या आत जाड पडदे तयार झालेले आढळले. गरोदरपणात वाढलेल्या गर्भाशयाचा भारही याच शिरेवर पडतो. त्यामुळे गरोदर किंवा बाळंत बाईचा एकच पाय, विशेषतः डावा, अचानक सुजला आणि दुखू लागला तर ते ‘पाणी उतरलं’ म्हणून सोडून देऊ नये. ती गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, आणि सोनोग्राफीने तिचा छडा त्याच दिवशी लागतो.

दुसरी तक्रार बायका बरीच वर्षं गप्प सोसतात. बीजकोशाच्या शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं उतरून ओटीपोटातल्या शिरा फुगतात. दिवसभर उभं राहिलं की ओटीपोट जड होतं, दुखतं, संध्याकाळी वाढतं आणि आडवं झाल्यावर कमी होतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांत ही तक्रार जास्त दिसते. तपासण्यांत दुसरं काही सापडत नाही म्हणून ‘मनाचं आहे’ असं ऐकावं लागलेल्या बाईसाठी, या दुखण्याला नाव आणि उपचार दोन्ही आहेत हे कळणं मोठं असतं.

पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग कण्यात का पसरतो, याचा खुलासा फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये केला. ओटीपोटाच्या शिरा कण्याभोवतीच्या शिरांना थेट जोडलेल्या असतात आणि त्या जोडणीत झडपाच नसतात. खोकताना, जोर करताना पोटातला दाब वाढला की रक्त त्या वाटेने कण्याकडे ढकललं जातं आणि कर्करोगाच्या पेशी त्याच्याबरोबर जातात. धमन्यांचं दुखणंही असंच सूचक असतं. चालताना कुल्ल्यांत आणि मांडीत गोळे येणं, जांघेतली नाडी न लागणं आणि लैंगिक ताठरता कमी होणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर महाधमनीचं टोक आणि इलियाक धमन्या चरबीने तुंबल्याचा संशय घेतात. फ्रेंच शल्यचिकित्सक रने लेरिश यांचं नाव या आजाराला आहे. धूम्रपान आणि मधुमेह हे त्याचे नेहमीचे सोबती. लिंगाकडे जाणाऱ्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्यामुळे ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी सुरू होते. ती लाजेपोटी दडवण्यात हृदय तपासून घेण्याची संधी जाते.

या साऱ्या ज्ञानाची कसोटी मात्र जिथे शल्यचिकित्सक नाही, अशा ठिकाणी लागते. आणि तिथला एक मोठा टप्पा बेळगावात गाठला गेला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये १६२० बायकांचा अभ्यास केला. बाळंतपणं एएनएम नर्सताई करत होत्या, घरी किंवा उपकेंद्रात. बाळ जन्मल्यावर निम्म्या जणींना गर्भाशय आकसायला लावणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना औषध नसलेल्या तशाच गोळ्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गोळीला फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही.

या अभ्यासासाठी रक्त मोजायचं एक साधन तिथेच तयार झालं. बाळ बाहेर आल्याबरोबर बाईच्या खाली सरकवायचा प्लास्टिकचा एक कागद. त्याला वर पोटाभोवती बांधायचे बंद आणि खाली निमुळती होत गेलेली पिशवी, जिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. तोवर रक्त किती गेलं हे नजरेने ठरवलं जाई. चादरीत, कापडात मुरलेलं रक्त डोळ्याला कमीच वाटतं. बेळगावच्याच तुलनेत नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे बाई धोक्यात गेलेली असायची आणि सोबतच्या माणसांना वाटायचं, अजून वेळ आहे.

मोजण्याच्या याच पद्धतीवर पुढे आफ्रिकेत मोठी उभारणी झाली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत खुणांची पिशवी लावून, रक्त ठरावीक खुणेला पोचताच गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, गुठळी टिकवून धरणारं ट्रॅनेक्झामिक अॅसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं, अशी शिस्त लावली गेली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत गंभीर परिणामांचं प्रमाण ६० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. यातल्या ट्रॅनेक्झामिक अॅसिडचा शोध जपानच्या उताको ओकामोतो यांनी आपल्या पतीसह लावला होता. बाळंतिणींसाठी ते वापरलं जावं ही त्यांची इच्छा होती. २०,०६० बायकांवरच्या चाचणीने २०१७ मध्ये त्याचा उपयोग सिद्ध केला, पण ओकामोतो त्याच्या वर्षभर आधीच वारल्या होत्या. हे औषध रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांत द्यावं लागतं. जितकं लवकर, तितका उपयोग जास्त.

महाराष्ट्राने या वाटेवर बरंच अंतर कापलं आहे. २०१८-२० च्या नोंदींनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. केरळचा आकडा १९ होता, म्हणजे अजून कमी करायला जागा आहे. त्यासाठी घरच्यांनी करायच्या गोष्टीही नेमक्या आहेत. गरोदरपणातच हिमोग्लोबिन वाढवून घ्यायचं, कारण अशक्त बाईला थोडं रक्त गेलेलंही झेपत नाही. रक्तगट कागदावर लिहून ठेवायचा. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागला, मोठ्या गुठळ्या पडल्या, चक्कर आली किंवा घाम फुटून अंग गार पडलं, तर वाट न पाहता नर्सला बोलवायचं, घरी असेल तर १०८ ला फोन करायचा. आणि आधी सिझेरियन झालेलं असेल तर पुढच्या गरोदरपणात सोनोग्राफी करताना वार कुठे बसली आहे हे आवर्जून विचारायचं. ती जुन्या टाक्यांच्या व्रणावर रुजली असेल तर सुटताना अनावर रक्तस्राव होतो. अशा बाईचं बाळंतपण रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि इलियाक बांधू शकणारा शल्यचिकित्सक हाताशी असलेल्या रुग्णालयात, तारीख आधी ठरवूनच करावं लागतं.